दिवसाला १०० रुपये: तंगीचा एक आठवडा करून बघायचा असेल तर

समाजकार्याचे विद्यार्थी, एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेतली) मुलं, आणि हल्ली नोकरी करणारी बरीच तरुण मंडळी विचारतात, की आठवडाभर अगदी थोड्या पैशात राहून बघायचंय, सुरुवात कशी करायची? विचार चांगला आहे. पण बहुतेक जण सात दिवस मॅगी आणि केळी खाऊन काढतात, दोन किलो वजन कमी करतात आणि हाती काहीच लागत नाही. नीट आखून केलात तर हा आठवडा बरंच काही शिकवतो. म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आधी हे कोणी करू नये

मधुमेह, रक्तदाब, ॲनिमिया, थायरॉइड असेल, गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, किंवा पूर्वी कधी खाण्यापिण्याचा विकार झाला असेल, तर हा प्रयोग करू नका. अठरा वर्षांखालच्या मुलांना यात ओढू नका. घरातली मुलं नेहमीसारखीच जेवतील, बजेट फक्त तुमचं. चालू औषधं हिशेबाबाहेर ठेवा, त्यात काटकसर नको. चक्कर आली, हातपाय थरथरायला लागले तर लगेच थांबा आणि पोटभर जेवा. पहिल्या खेपेला सात दिवस पुरेत.

आकडा कुठून आणायचा

मनाला येईल तो आकडा धरू नका. गरिबी मोजण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे आणि तिचा बराचसा भाग पुण्यात घडला. गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्यावरचा आपला अभ्यास मांडला. दिवसाला २,२५० कॅलरी मिळवायला किती खर्च येतो ते त्यांनी पाहिलं, आणि १९६०-६१च्या भावांनी खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये व शहरात २७० रुपये ही किमान पातळी धरली. पुढे सुरेश तेंडुलकर समितीने गरिबी मोजण्याची पद्धत बदलली. २०११ साली नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी ३२ आणि गावासाठी २६ रुपये रोज ही गरिबीची रेषा म्हणून सांगितली, तेव्हा देशभर गदारोळ झाला. त्याच सुमारास परदेशात शिकून आलेल्या दोन तरुणांनी बंगळुरात आधी १०० रुपयांत आणि मग केरळातल्या एका गावात २६ रुपयांत राहून पाहिलं. त्यानंतर २०१४ मध्ये रंगराजन समितीने २०११-१२च्या भावांनी शहरात ४७ आणि गावात ३२ रुपये सांगितले.

तेव्हापासून महागाई दुपटीच्या आसपास गेली आहे. म्हणून आज शहरात राहणाऱ्याने दिवसाला १०० रुपये धरावेत आणि गावात राहणाऱ्याने ७०. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये अतिगरिबीची रेषा ३ डॉलरवर नेली, ती वाचून कित्येक जण तीनला बाजारातल्या डॉलरच्या दराने गुणतात आणि अडीचशे रुपयांच्या पुढचा आकडा काढतात. तसं करू नका. तो डॉलर क्रयशक्तीच्या, म्हणजे त्या-त्या देशात पैशाला किती वस्तू येतात त्या हिशेबातला आहे, आपल्याकडे त्याचे रुपये बरेच कमी होतात.

हा आकडा फार कमी वाटत असेल तर आणखी दोन हिशेब मांडून बघा. महाराष्ट्रात अन्नसुरक्षा योजनेतलं धान्य मिळण्यासाठी शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या आत आणि गावात ४४ हजारांच्या आत लागतं. ५९ हजार भागिले ३६५ म्हणजे अख्ख्या घराला रोजचे १६१ रुपये. चार माणसं असतील तर माणशी चाळीस. दुसरा हिशेब रोजगार हमीचा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातली मजुरी ३१२ रुपये ठरली. एकाच्या मजुरीवर चौघं जेवणार असतील तर माणशी ७८, तेही त्या दिवशी काम निघालं तर.

शंभरात काय काय बसवायचं

घरभाडं आणि वीजबिल बाहेर ठेवा, नाहीतर प्रयोग पहिल्याच दिवशी संपेल. बाकी सगळं आत: खाणं, इंधन, प्रवास, मोबाइलचा रिचार्ज, साबण, पेस्ट, सॅनिटरी पॅड, चहा, विडीकाडी असेल तर तीही. घरातल्या डब्यातलं आधीचं काही वापरायचं नाही. तेल, मीठ, हळद, तिखटसुद्धा विकत घ्यायचं. घरात आहेच म्हणून घेतलेला चमचाभर तूप-साखर हिशेबात येत नाही आणि तिथूनच सगळा आठवडा खोटा पडायला लागतो. गॅस वापरलात तर रोजचे दहा रुपये वेगळ्या डब्यात टाका. यूपीआय बंद. रोख आणि तीही सुट्टी, दहा-वीसच्या नोटांमध्ये. नोट हातातून जाताना दिसली पाहिजे.

आता माझ्याकडचा एका दिवसाचा कच्चा हिशेब देतो. भाव तुमच्या दुकानातले घाला. ज्वारीचं पीठ पाव किलो, १३ रुपये. तांदूळ दीडशे ग्रॅम, ७. तूरडाळ साठ ग्रॅम, ८. तेल पाच लहान चमचे, ४. कांदा-बटाटा आणि एक पालेभाजी मिळून १५. दोन वेळचा चहा, दूध-साखरेसकट १०. एक अंडं ७. मीठ, मिरची, हळद ३. झाले ६७. इंधनाचे १० धरले की ७७. अठ्ठावीस दिवसांच्या साध्या रिचार्जचे रोजचे ७ म्हणजे ८४. साबण-पेस्टचे ५, ८९. बसने एकदा जायचे १०, ९९. येताना चालत.

हातात एक रुपया राहिला. या जेवणातून २,१०० ते २,२०० कॅलरी मिळतात, म्हणजे पोट भरतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण लोक उपासमारीच्या तयारीने येतात आणि तिसऱ्या दिवशी म्हणतात, "जमतंय की!" हो, जमतं. कागदावर जमतंच. पण या यादीत फळ नाही, औषध नाही, चप्पल नाही, पाहुणा नाही, आणि सगळा माल किलोच्या भावाने धरलाय. पुढच्या पायऱ्यांमध्ये यातलं एकेक गृहीतक काढून घ्यायचं आहे. खरा आठवडा तिथून सुरू होतो.

रोजचं रोज आणायचं

सातशे रुपये घेऊन पहिल्या दिवशी बाजार भरायचा नाही, हा या प्रयोगातला सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे. आपल्याला महिन्याचा किराणा भरायची सवय असते. पाच किलो पीठ, लिटरच्या तेलाच्या पिशव्या, डाळ दोन किलो. एकदम घेतलं की स्वस्त पडतं हे आपण शहाणपण समजतो. पण त्यासाठी एका दिवशी हातात दोन-तीन हजार लागतात. ज्यांच्याकडे रोज संध्याकाळी तेवढ्यापुरतेच पैसे येतात त्यांना हे शहाणपण परवडत नाही. म्हणून तुम्हीही रोज संध्याकाळी त्या दिवसापुरतं आणा.

यासाठी मॉल किंवा मोठं सुपरमार्केट नको. वस्तीच्या तोंडाशी असलेलं छोटं किराणा दुकान गाठा, सात-साडेसातला, कामावरून माणसं परततात तेव्हा. काउंटरसमोर दहा मिनिटं उभे राहिलात तरी कळेल. एक बाई स्टीलची लहान बरणी पुढे करते, "दहाचं तेल द्या." दुकानदार डब्यातून पळीने मोजून ओततो आणि बरणी तिरकी करून थेंब निथळू देतो. मागोमाग "पाचची चहापत्ती, दहाची साखर, आतपाव डाळ." कागदाच्या पुड्या बांधल्या जातात. ती पैसे मोजते, दोन रुपये कमी पडतात, डाळीच्या पुडीतली थोडी डाळ परत जाते. मागे रांगेत कोणालाच त्याचं नवल वाटत नाही.

तुमची पुडी घरी आणून वजन करा. दहाचं तेल किती निघालं, पाचचा चहा किती ग्रॅम भरला ते वहीत लिहा आणि किलोचा भाव काढा. सुटा माल बहुतेक वेळा महाग पडलेला दिसेल. नेहमीच नाही. शाम्पूची पुडी कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. म्हणून गृहीत धरू नका, मोजा. दोन दिवसांत तुमच्या ६७ रुपयांच्या जेवणाचे ८० कधी झाले ते कळणार नाही, आणि मग अंडं यादीतून जाईल. पहिलं अंडंच जातं, मग दूध, मग डाळ पातळ होते. भाकरी शेवटपर्यंत राहते. आठवडाभर वहीत हा क्रम टिपून ठेवा, तो बघण्यासारखा असतो.

भाजी मंडईत उशिरा जा. दिवे लागल्यावर उरलेल्या भाजीचे वाटे लागतात, दहाला एक वाटा. थोडी किडकी, थोडी सुकलेली, पण निवडून घेतली की दोन वेळा पुरते. घासाघीस मात्र करू नका. समोर बसलेल्या मावशीही त्याच हिशेबात जगत असतात आणि आपला प्रयोग त्यांच्या खिशातून व्हायला नको.

स्वयंपाकाचं थोडक्यात

ज्वारी-बाजरीची भाकरी पोटात जास्त वेळ टिकते, पावापेक्षा कितीतरी. पिठलं हा मोठा आधार आहे: चार चमचे बेसन, एक कांदा, दोन मिरच्या, झालं. शेंगदाण्याची चटणी तेल आणि प्रथिनं दोन्हीची भर घालते. कणीचा तांदूळ स्वस्त मिळतो, खिचडीला उत्तम. डाळ रात्री भिजत घातली तर इंधन वाचतं. भाकरी येत नसेल तर आधी कोणाकडून तरी शिकून घ्या, या आठवड्यात पीठ वाया घालवणं परवडणार नाही. आणि पाणी भरपूर प्या.

चिठ्ठ्यांचा डबा

इथपर्यंत तुमच्याकडे रोज न चुकता १०० रुपये येत होते. मजूर अड्ड्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्या माणसाला तसे येत नाहीत. काम लागलं तर पैसे, नाही लागलं तर दहा वाजता परत घर. म्हणून एका डब्यात सात चिठ्ठ्या टाका. पाचांवर १४० लिहा, दोन कोऱ्या ठेवा. बेरीज तीच, ७००. रोज सकाळी एक चिठ्ठी काढायची. कोरी आली तर आज कमाई नाही.

एवढ्या एका बदलाने सगळं फिरतं. १४० हातात आले तरी खर्च करवत नाहीत, कारण उद्या काय निघेल ठाऊक नाही. पहिल्याच दिवशी कोरी आली तर काय? त्यासाठी घरातल्या एकाला सावकार करा. तो पन्नासपर्यंत उसने देईल, चार दिवसांत पंचावन्न घेईल. दुकानदाराच्या खऱ्या वहीत उधारी मांडायला जाऊ नका. ती वही ओळखीवर चालते आणि ज्यांना तिची खरी गरज आहे त्यांच्यासाठी असते.

आणखी एक काम मित्रावर सोपवा. त्याने बंद पाकिटात एक खर्च लिहून ठेवायचा, तुम्हाला न सांगता, आणि मधल्या कुठल्याही दिवशी पाकीट हातात द्यायचं. चप्पल तुटली, साठ रुपये. दाखल्यासाठी तहसीलला दोन खेपा, चाळीस. मुलाला ताप, दवाखाना आणि गोळ्या दीडशे. तो खर्च टाळता येणार नाही, पुढे ढकलता येईल फक्त. ढकललात तर का ढकललात ते लिहा. "डॉक्टरकडे आधीच का नाही गेलात?" असं आपण सहज विचारतो. पाकीट उघडल्यावर तुमच्या वहीत जी उत्तरं उमटतील ती जपून ठेवा.

चालणं, थांबणं, रांग

मुंबईत बेस्ट बसचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ वरून १० रुपये झालं, पुण्यात पीएमपी बसचं भाडंही त्याच्या पुढच्या महिन्यात वाढलं. जाऊन-येऊन वीस म्हणजे दिवसाचा पाचवा हिस्सा. त्यामुळे तुमच्या हिंडण्याचा परीघ झपाट्याने आकसेल. मित्राला भेटायला जाणं, लांबच्या ग्रंथालयात जाणं, स्वस्त बाजार गाठणं, सगळं आधी तोललं जाईल. दोन किलोमीटरवर डाळ पाच रुपयांनी स्वस्त आहे, पण चालत जायला-यायला तास जातो आणि दिवसभर उभं राहून पाय दुखत असतात. अशा वेळी माणसं जवळचं महाग दुकानच गाठतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

शक्य असेल तर एक दिवस घरातलं शौचालय आणि नळ वापरू नका. सार्वजनिक शौचालयाला एका वेळचे पाच रुपये धरा, दोनदा गेलात तर दहा. पाच माणसांच्या घरात हे पन्नास होतात. पाण्याचे हंडे लांबून भरून आणा. या एका दिवसाने बायकांचा दिवस कुठे जातो ते जेवढं कळतं तेवढं वाचून कळत नाही. घरातल्या पुरुषांनी तर हा दिवस जरूर करावा.

रेशनचे दिवस, बिनरेशनचे दिवस

आठवड्याचे दोन भाग करा. पहिले तीन दिवस सगळं विकत. पुढचे चार दिवस असं समजा की तुमच्याकडे शिधापत्रिका आहे. अन्नसुरक्षा योजनेतल्या प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून मोफत. दिवसाला १६६ ग्रॅम. सगळ्यात गरीब घरांसाठीच्या अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. रोज १६६ ग्रॅम गहू-तांदूळ फुकट धरा आणि बघा किती रुपये सुटतात. सात-आठच सुटतात, पण अंडं परत येतं. रेशनची रक्कम किरकोळ म्हणून उडवून लावणाऱ्यांनी हे चार दिवस नक्की करावेत. आणि अंगठ्याचा ठसा उमटला नाही म्हणून, नाव कटलं म्हणून, कार्ड गावाकडे राहिलं म्हणून ज्या घराचं धान्य थांबतं, तिथे काय होत असेल याचा अंदाज पहिल्या तीन दिवसांवरून येतो.

शिवभोजन थाळीचं बरेच जण विचारतात. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली ही थाळी दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात देते. बजेटला अगदी सोयीची, पण घेऊ नका. प्रत्येक थाळी-केंद्राला रोजच्या थाळ्या ठरवून दिलेल्या असतात. तुमची एक थाळी म्हणजे रांगेतल्या शेवटच्या माणसाची एक कमी. अन्नदान, लग्नातलं जेवण, ऑफिसातला फुकट चहा, यांनाही तेच लागू. कोणी आग्रहाने खाऊ घातलंच तर नाही म्हणू नका, मात्र त्याची किंमत दिवसातून वजा करा.

एकदा पाहुणा बोलवा

ही पायरी लोक गाळतात आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. आठवड्यात एकदा, शक्यतो कोऱ्या चिठ्ठीच्या दुसऱ्या दिवशी, कोणाला तरी चहाला बोलवा. त्याला प्रयोगाचं काही सांगू नका. दूध जास्त लागेल. नुसता चहा कसा द्यायचा म्हणून बिस्किटाचा पुडा आणावासा वाटेल. तो पुडा आणला की रात्रीची भाजी जाते, न आणला की मान खाली जाते. आपण हळदीकुंकू, बारसं, जाऊळ, लग्नाचा आहेर यावर गरीब माणूस "उगाच" खर्च करतो असं म्हणत असतो. अडीअडचणीला धावून येणारी माणसं याच येण्याजाण्यातून टिकतात, बँकेत काही नसलेल्या घराची ठेव तीच असते. पाहुणा गेल्यावर हिशेब लिहा, आणि बिस्किटं आणायची की नाही हे ठरवताना काय काय मनात आलं तेही लिहा.

वही कशी लिहावी

पानाच्या डाव्या बाजूला पैसे. उजव्या बाजूला त्या पैशांचा विचार करण्यात किती वेळ गेला ते. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत डोक्यात सतत बेरीज-वजाबाकी चालू असते, कामात लक्ष लागत नाही, घरच्यांवर चिडचिड होते. हे खाणं कमी पडल्यामुळे की काळजीमुळे, ते वेगळं करायचा प्रयत्न करा. जेवलेल्या दिवशीही चिडचिड झाली का? झोप कशी लागली? काय टाळलंत, कोणाशी खोटं बोललात? फोटो काढत बसू नका, रोज जगाला सांगू नका. टाळ्या मिळायला लागल्या की तंगी उरत नाही.

याच कारणासाठी वस्तीत खोली घेऊन आठवडाभर "राहून बघायला" जाऊ नका. तिथल्या माणसांच्या घराचं प्रदर्शन होतं, नळावर आणि शौचालयाच्या रांगेत एक माणूस वाढतो, आणि तुम्ही काय शिकलात याचा त्यांना उपयोग शून्य. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खिशाला कुलूप लावून हे होऊ शकतं. कुलपाची किल्ली तुमच्याजवळ आहे, हा फरक कुठल्याही नियमाने पुसता येत नाही. भाडं थकल्याची भीती, मुलीची शाळा सुटण्याची भीती, आजारात जमीन गहाण पडण्याची भीती तुमच्या आठवड्यात नाही. म्हणून नंतर कोणाला सांगताना "मी गरिबी अनुभवली" असं म्हणू नका. "मी सात दिवस या बजेटमध्ये राहिलो" एवढंच म्हणा, तेवढंच खरं आहे.

आठव्या दिवशी

एकदम भरपूर जेवू नका, पोट बिघडतं. वही घेऊन बसा आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचा, सोसायटीच्या वॉचमनकाकांचा, गाडी धुणाऱ्या मुलाचा पगार त्याच पद्धतीने मांडा: घरातली माणसं, रोजचे रुपये, भाडं वजा करून. तुम्ही काढलेला आठवडा त्यांचा बारमाही असेल तर ते लगेच दिसेल. मग पगाराची तारीख नक्की करा आणि ती कधीही पुढे नेऊ नका. दोन दिवस उशीर म्हणजे दोन कोऱ्या चिठ्ठ्या, हे आता तुम्हाला माहीत आहे. आजारपणाच्या खाड्याचे पैसे कापत असाल तर ते बंद करा. उचल मागितली तर कारण न विचारता द्या आणि एकाच महिन्यात सगळी वळती करू नका. शिधापत्रिकेतली नावं, आधारची जोडणी अडकली असेल तर एक सुट्टी काढून त्यांच्यासोबत शिधावाटप कार्यालयात जा. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडत असेल तर तो तुम्ही भरा.